आप्पांच्या पट्टीतली तार

होळी होऊन गेली की बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या माळावरून येणाऱ्या वाऱ्यात थेंबभर ओल राहत नाही. पावसाळाभर फुगून अडणारं माझ्या खोलीचं दार एका बोटानं लागतं. दोरीवर टाकलेली ओढणी चहा होईपर्यंत वाळते आणि घडी घालताना करकरते. कोपऱ्यातल्या गिटारीलाही हा वारा कळतो. काल संध्याकाळी कॉलेजातून शिकवून आले, गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तार छेडली. तेवढ्यात विमानतळावर उतरणारं विमान छपरावरून गेलं आणि खिडकीची काच थरथरली. विमान गेलं, काच थांबली. तारेची थरथर मात्र चालूच. सुराला एक झणझण चिकटली होती, काड्यापेटीत कोंडलेल्या माशीसारखी.

मी गिटार खाली ठेवली नाही. तशीच बसून ती झणझण ऐकत राहिले. ह्या आवाजाला माझ्या लेखी तंबाखूचा वास आहे.

फाल्गुनात निपाणीत येणाऱ्या माणसाला गाव आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना दिसतं. कोल्हापूरहून येणारी एस.टी. महामार्ग सोडून आत वळली की नवखे प्रवासी शिंकायला लागतात आणि गावची माणसं त्यांच्याकडं बघून हसतात. शेतातला तंबाखू वखारींत आलेला असतो. पोती हलतात, चाळण्या हलतात, आणि पिवळी बारीक धूळ उतरत्या उन्हात गल्लीभर तरंगते. परीक्षांचे दिवसही तेच. लहानपणी आम्ही शिंकत पाढे म्हणायचो. आमच्या दारात आई आणि शेजारची शांताक्का समोरासमोर सुपं घेऊन बसलेल्या असायच्या. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली विडीची पानं. पान कातरायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, टोक मुडपायचं. त्यांची बोटं हे सगळं करत असताना तोंडं मोकळी असायची, त्यामुळं अख्ख्या गल्लीची खबर त्या सुपांवरून चाळून पुढं जायची.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्रकं काढायचे. विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर, नळाच्या पाण्यावर, शाळेत वेगळ्या रांगेत बसवलेल्या पोरांवर. पिवळ्या नाहीतर गुलाबी हलक्या कागदावर छापलेली ती पत्रकं वाटून उरली की घरात यायची. फळीवर तीच अंथरलेली, वह्यांना कव्हरं त्यांचीच, दिव्याची काच पुसायला तीच. मी वाचलेला पहिला मोठा शब्द ‘आवाहन’. पत्रकांनी मला एक शिस्त लावली. कुठल्याही दुखण्याला मूळ कारण असतं, आणि ते सापडल्याशिवाय मागणी लिहायची नाही. दुसरी गोष्टही त्यांनीच शिकवली. एखाद्याचा आवाज बंद केला म्हणजे त्याची तक्रार मिटली असं होत नाही. ह्या दोन गोष्टी मी आजही सोडलेल्या नाहीत, सोडणारही नाही. पण मूळ कारण नेहमी आभाळाएवढंच असलं पाहिजे, ही एक खोड मला त्या पत्रकांनीच लावली. ती मोडली एका गिटारीनं.

एप्रिलातल्या जयंतीसाठी आमच्या वस्तीचा जलसा बसायचा. फेब्रुवारी संपत आला की समाजमंदिरात रोज संध्याकाळी तालीम सुरू. आप्पा आमचे म्होरके. सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, आता निवृत्त. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि मांडीपुढं स्वतःची पेटी. ते गायचे आणि पेटीही तेच वाजवायचे. आमच्या जलशाचा एक रिवाज होता, आणि तो कुणी कधी बोलून दाखवलेला नव्हता, इतका तो पक्का होता. आप्पा पेटीवर बोट ठेवून सा धरणार आणि बाकी सगळं त्याला जुळणार. ढोलकीची शाई, तुणतुण्याची खुंटी, मागं बसलेल्या बायकांचे गळे, सगळं. गाणारा पेटीच्या ज्या पट्टीवर सा धरतो ती त्याची पट्टी, आणि म्होरक्याची पट्टी ती जलशाची पट्टी.

गिटार मी बेळगावच्या हॉस्टेलातल्या एका मैत्रिणीकडून घेतली होती. ती लग्न करून गेली आणि गिटार माझ्याकडं आली. मी वाजवायला शिकले ते मात्र समाजमंदिरात, त्यामुळं जलशाच्या पद्धतीनंच शिकले. सगळ्यात जाड तार म्हणजे माझं तुणतुणं. ती मोकळी छेडली की सा वाजला पाहिजे. रोज आप्पांच्या पाठीमागं बसायचं, डोळे मिटायचे, त्यांचा सा कानात घ्यायचा आणि चाव्या पिळत जाड तार त्याला लावायची. मग तिच्या मागोमाग बाकीच्या पाच. डोळे मिटून तार लावता येते ह्याचा मला अभिमान होता.

ही झणझण पहिल्यांदा ऐकली त्या वर्षी जलशात माझं पहिलं गाणं होतं. ‘सुपातली पानं सरली बाई, मांडीवरला दिस सरंना,’ असं त्याचं धुपद. आईला आणि शांताक्काला बघत बघत लिहिलेलं. गाणार आप्पा, आणि मागं आई, शांताक्का आणि वस्तीतल्या आणखी चारपाच जणी. पहिलं कडवं मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ढोलकी नाही, पेटी नाही. नुसती गिटारीची जाड तार, पान कातरल्यासारखी, एका लयीत. विड्या वळणाऱ्या बायकांच्या दारात दुपारी जी शांतता असते ती मला मैदानभर ऐकवायची होती. ढोलकी आधीपासून आली असती तर तेही इतर चार गाण्यांसारखंच पाचवं झालं असतं.

आणि नेमकी तीच तार झणझणायला लागली.

“गिटारीत मधमाशी शिरलीया काय गं गौते?” शांताक्कानं विचारलं.

“तंबोऱ्याला जवारी लावाय दोरा घालावा लागतोय,” आप्पा पेटीचा भाता दाबत म्हणाले. “हिच्या गिटारीला फुकटात लागली.”

सगळे हसले. मीही हसले. पण तालमीनंतर आप्पांनी मला थांबवलं. “गाणं झ्याक हाय. शब्द लागत्यात मनाला. पर ही खरखर माईकमधनं दसपट हुतीया. जयंतीपतोर गेली तर गिटार ठेव. न्हायतर पेटीवर घेऊ, ढोलकी लावू. नसलं जमत तर तारंखाली फडकं सार, म्हंजी गप बसंल.”

फडकं सारायचं. मी घरी जाताना रस्ताभर मनातल्या मनात त्याच्यावर पत्रक लिहिलं.

झणझण कुठून येते हे शोधणं म्हणजे चौकशी असते, आणि मी ती चांगली केली. आधी सुटं काही हलतंय का ते बघितलं. चाव्यांचे स्क्रू आवळले. घोडीवर तारा अडकवणाऱ्या खुंट्या दाबून बघितल्या. पोटात हात घालून गिटार हलवली, तर आतून एक हेअरपिन निघाली. ती बहुधा मैत्रिणीची असावी. आईला वाटलं झालं काम. मलाही वाटलं. तार छेडली. झण्ण.

मग माझ्या कुडत्याची बटणं. गिटारीच्या पाठीला बटण टेकलं तरी ती कुरकुरते असं कुठंतरी वाचलं होतं. आईचं जुनं पातळ गुंडाळून वाजवून बघितली.

“आता बाळ झाल्यागत दिसाय लागलीस,” आई म्हणाली. झणझण होतीच.

मग मी पडदा पडदा तपासला. गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, ते पडदे. एकच पडदा वर आला असला तर एकाच ठिकाणी आवाज येतो. फक्त मोकळी तार वाजवताना झणझण असली तर वरच्या टोकाची खाच खोल गेलेली असते. माझी तार मोकळीही झणझणत होती, पहिल्या पडद्यावरही, पाचव्यावरही. जाड तीन तारा जास्त, बारीक तारा कमी. म्हणजे कुणी एक गुन्हेगार नव्हता. सगळी व्यवस्थाच बिघडली होती. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो आज आठवला की हसू येतं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला ‘सगळी व्यवस्थाच बिघडली आहे’ ह्याहून ओळखीचं निदान कुठलं असणार?

मूळ कारणही लगेच सापडलं. वारा. फाल्गुनातला कोरडा वारा आणि तंबाखूची धूळ. लाकूड वाळलं, दांडी मागं झुकली, तारा पडद्यांना घासायला लागल्या. मी अण्णांना बसवून समजावून सांगितलं. तंबाखूनं बायकांची फुप्फुसं खाल्ली, आता गिटारी खातोय, इथपर्यंत पोचले.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, “लिवायला झ्याक हाय. खरं हाय का ते बघ आधी.”

दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तिचं टोक किल्लीनं फिरवलं की दांडीचा बाक कमीजास्त होतो. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर दाबून धरायची आणि मधे किती फट राहते ते बघायचं. फट मोजायला माझ्याकडं अण्णांचं पत्रक होतं. दुहेरी घडी केलेला पिवळा कागद तारेखालून अडखळत का होईना, गेला. म्हणजे बाक ठीक होता. पण मला ठीक नको होता, ताठ हवा होता. मी किल्ली आवळली. कागद अडकला आणि गिटारीच्या सगळ्याच तारा झणझणायला लागल्या. गल्लीतलं कुत्रं उठून दुसऱ्या दारात जाऊन बसलं. दांडीला थोडा बाक लागतोच, तारेला थरथरायला जागा लागते, हे मला त्या दुपारी कळलं आणि मी किल्ली मुकाट्यानं होती तिथं आणून ठेवली.

शेवटी गिटार पाठीला लावून बेळगावला गेले. खडेबाजारच्या एका बोळात वाद्यं दुरुस्त करणारे एक काका बसायचे. त्यांनी गिटार पिशवीतून काढली, कानाजवळ धरून भराभर चाव्या पिळल्या, झपकन एक सूर घेतला, दुसरा घेतला, दांडीकडं एक डोळा मिटून बघितलं.

“एनू इल्ल री,” ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून मराठीत, “काय नाही हिला.” आणि तरीही मी हलले नाही म्हणून हिंदीत, “बिलकुल ठीक है.”

त्यांनी माझ्यासमोर जाड तार छेडली. स्वच्छ. तळ्यात दगड टाकल्यासारखा गोल सूर. मी छेडली. तीही स्वच्छ. तीन भाषांतून निर्दोष ठरलेली गिटार घेऊन मी परत निघाले. तवंदी घाट उतरताना माझा सिद्धान्त आणखी भक्कम झाला. बेळगावच्या हवेत ओल आहे. निपाणीत नाही. अर्थातच निपाणीत पोचले की झणझणणार.

दुपारी घरी पोचले. आई आणि शांताक्का दारात बसल्या होत्या. मी गिटार काढली, कान टवकारून तार छेडली. स्वच्छ. निपाणीच्या त्याच वाऱ्यात, त्याच धुळीत, शांताक्का शिंकत असताना.

“आता का गप बसली ही?” मी म्हणाले.

“तुला बोलणी बसली असतील बेळगावात, ऐकून भ्याली,” आई म्हणाली, आणि पान कातरता कातरता माझंच गाणं गुणगुणायला लागली. शांताक्कानं दुसरी ओळ उचलली. त्या आपल्या आपल्यात गात होत्या, कुणासाठी नाही. मला साथ करावीशी वाटली. त्यांचा सा कुठं आहे ते शोधत मी कॅपो, म्हणजे दांडीला लावायचा चिमटा, एकेक पडदा वर सरकवत गेले. तिसऱ्या पडद्यावर जुळलं. आता चिमट्यापासून खाली जाड तार मोकळी वाजत होती आणि तिच्यावर त्या दोघींचा आवाज बसला, उंबऱ्यावर पाय ठेवावा तसा. ‘मांडीवरला दिस सरंना’ ला आईचा गळा वर गेला आणि तिथं थांबून राहिला. समोरच्या घरातली बाई हातातली बादली घेऊन दारात आली. मी आईला असं गाताना तालमीत कधीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी समाजमंदिरात गेले. चिमटा काढला. आप्पांच्या पाठीमागं बसले, डोळे मिटले, त्यांचा सा घेतला आणि जाड तार त्याला लावायला लागले. चावी सैल होत गेली, सैल होत गेली. जुळली. छेडली. झण्ण.

मी डोळे उघडले. उठून उभी राहिले आणि आप्पांच्या खांद्यावरून पेटीकडं बघितलं. त्यांचं बोट काळी एकवर होतं, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. गिटारीची जाड तार जन्माला येते ती पांढरी तीनसाठी. मी तिला तीन पट्ट्या खाली उतरवून बसले होते. कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली की साडीचा पदर जमिनीला लागतो. माझी सैल तार तशीच झोके घेत पडद्यांना लागत होती. वारा निर्दोष, लाकूड निर्दोष, तंबाखू ह्या एका प्रकरणात तरी निर्दोष. बेळगावच्या काकांनी गिटार हातात घेताच आधी सुरात आणली आणि मग तपासली. मी रोज आधी आप्पांच्या सुरात आणायची आणि मग तपासायची.

त्याच्या दोन वर्षं आधी आप्पांचा सा पांढरी तीनवरच होता. वखारीची धूळ आणि वय, दोन्ही मिळून त्यांचा गळा एकेक पायरी उतरत आला होता आणि आमचा अख्खा जलसा डोळे मिटून त्यांच्यामागं उतरला होता. तारेनं फक्त ते बोलून दाखवलं.

त्या संध्याकाळी गाणं सुरू झालं तेव्हा मी पहिल्यांदा तार सोडून बायकांकडं कान दिला. काळी एकमध्ये ओळ खाली गेली की त्यांचं नुसतं पुटपुटणं व्हायचं. वरचा सूर घ्यायला गेल्या की किंचाळणं. मधे कुठंच त्यांना जागा नव्हती. दुपारी अख्खी गल्ली थांबवणारी माझी आई तिथं ओठ हलवत बसली होती. झणझणीचं कारण आणि आईच्या पुटपुटण्याचं कारण एकच होतं.

तारेचं दुखणं बरं करणं सोपं निघालं. गिटार तिच्या मूळच्या सुरात लावायची, चिमटा पहिल्या पडद्यावर आणि बोटांची ठेवण वेगळी. सा मोकळ्या तारेवर मिळत नाही, शेजारच्या तारेवर चिमट्यापासून तिसऱ्या पडद्यावर बोट दाबून घ्यावा लागतो, एवढंच. चार दिवस बोटांचे शेंडे सोलून निघाले, पण बसलं. पाचव्या संध्याकाळी मी आप्पांच्या काळी एकमध्ये वाजवलं. एक कण झणझण नाही.

आप्पांनी पेटी थांबवून मान डोलावली. “झालं की मग. ठेव गिटार. पयलं कडवं तुझं.”

मला हवं होतं ते मिळालं होतं. गाणं वाचलं होतं, गिटार वाचली होती. तिथं गप्प बसले असते तर ती जयंती छान पार पडली असती. पण दारात ऐकलेला आईचा आवाज आता न ऐकल्यासारखा कसा करणार? फडकं सारायला नकार देणारी मी, आता आईच्या गळ्याखाली फडकं असू देणार होते का?

“आप्पा,” मी म्हणाले, “तुमची सगळी गाणी तुमच्या पट्टीत वाजवते. पण हे गाणं ह्यांच्या पट्टीत होऊ दे.”

“कुणाच्या?”

“आईच्या. शांताक्काच्या. गाणं विड्या वळणाऱ्या बायकांचं आहे आणि पट्टी तुमची आहे.”

ढोलकीवाल्यानं ढोलकीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आप्पा माझ्याकडं नाही, पेटीकडं बघत होते. “पट्टी म्होरक्याची असतीया गौते. माझ्या आधी जे गायचं त्येंचीच आमी धरली. आमी न्हाय इचारलं.”

“मग मी विचारते.”

“आन त्या पट्टीत मी कसं म्हणू?”

“ह्या एका गाण्यात तुम्ही म्हणू नका.”

हे मी फार थंडपणानं बोलले. आजही मला ते वाक्य बरोबर वाटतं, फक्त ते ज्या आवाजात बोलले तो पत्रकाचा होता. आप्पांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून आई पुढं सरकली. आई जलशात कधी बोलत नसे.

“आप्पा, तिचं सोडा. तुमी एकदा आमच्या पट्टीत म्हणून बघा की. एकच ओळ.”

“कुठल्या?”

आईनं धुपदाची ओळ म्हटली, त्या दुपारी दारात म्हटली होती तिथून. आप्पांनी पेटीवर तिचा सूर शोधला, पांढरी पाच, आणि हट्टानं गळा चढवला. ‘सुपातली पानं’ पर्यंत आले. ‘सरंना’ ला आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा फाटला आणि खोकल्याची उबळ आली. शांताक्कानं तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन झाल्यावर आई हळूच म्हणाली, “आमचं खाली असंच हुतंय, आप्पा. रोज.”

आप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. पेटीचं झाकण लावलं. “बघू,” म्हणाले, आणि पेटी काखेत मारून निघून गेले.

त्यानंतर ते रोज तालमीला आले. सगळी गाणी घेतली, ह्या गाण्याचं नाव काढलं नाही. मी विचारलं की “बघू.” आई म्हणायची, “पेटी त्येंची हाय, गळा बी त्येंचाच हाय. धीर धर जरा.” अण्णांना विचारलं की तुम्ही असता तर काय केलं असतं, तर म्हणाले, “पत्रक काढलं असतं. पर तुझ्या आईनं जे केलं त्ये पत्रकात मावत न्हाय.” अण्णांकडून इतकी मोठी दाद मी दुसऱ्या कुणाला मिळालेली ऐकलेली नाही.

तेव्हापासून मी भांडण्याच्या आधी एक प्रश्न विचारते. कॉलेजातल्या बैठकीत कुणी म्हणालं की मुली वर्गात बोलतच नाहीत, तर मी विचारते की वर्ग कुणाच्या पट्टीत चाललाय. सगळ्यांना एकाच सुरात लावायचं आणि मग ज्यांचा आवाज फाटेल त्यांना दोष द्यायचा, ही आपल्याकडची फार जुनी तालीम आहे. मी तिच्या विरोधात आहे आणि राहीन. मात्र आता मी आधी उठून म्होरक्याच्या खांद्यावरून बघते, त्याचं बोट कुठं आहे ते. कधीकधी त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

काल मात्र तसं काही नव्हतं. गिटार तिच्या मूळ सुरात होती, तरी झणझणत होती. मी पहिला आणि चौदावा पडदा दाबला, पिवळं पत्रक काढलं. ते अजून गिटारीच्या पिशवीत असतं, घडीवर झिजून कापडासारखं मऊ झालेलं. कागद तारेखाली शिरेना. सांबऱ्याच्या वाऱ्यानं दांडी खरोखरच मागं खेचली होती. म्हणजे त्या वर्षीचा माझा सिद्धान्त चुकीचा नव्हता, फक्त काही वर्षं लवकर आला होता. मी एकटीच मोठ्यानं हसले. किल्लीनं सळई थोडी सैल केली, कागद गेला, तार शांत झाली. एका भांड्यात ओला स्पंज ठेवून भांडं गिटारीजवळ ठेवलं. ओल्या गोणपाटातल्या पानांची आठवण आली.

आणि मग त्या वर्षीच्या जयंतीची ती संध्याकाळ आठवली. समाजमंदिरापुढचं मैदान, निळ्या पताका, दिवेलागणीची वेळ. वाऱ्यात तंबाखू होताच. आप्पांची दोन गाणी झाली. मी चिमटा पहिल्या पडद्यावर ठेवून साथ केली आणि त्यांचा खालचा, रुंद आवाज मैदानभर पसरला. त्या पट्टीत ते अजूनही राजे होते. तिसरं गाणं माझं. कुठल्या पट्टीत, मला माहीत नव्हतं. मी गिटार धरून नुसती बसले होते.

आप्पांनी आपल्या पुढचा माईक उचलला. मला वाटलं, आता ते बोलणार. पण त्यांनी माईक मागं वळून आईच्या पुढं ठेवला. आई गोंधळून पदर सारखा करायला लागली. आप्पा पेटीसकट अर्धे वळून बसले, भात्यावर एक हात, दुसरा हात पट्ट्यांवर अधांतरी.

“कुठनं गं?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत जलशात कुणी कुणाला हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आईनंही नसावं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग शांताक्काकडं, मग डोळे मिटून आत कुठंतरी बघितल्यासारखं केलं आणि हलक्या आवाजात एक सूर गुणगुणला. आप्पांचं बोट काळी एकवरून निघालं. एकेक पट्टी वर चढत गेलं, दर पट्टीवर थांबून आईकडं बघत. ही? आईची मान हलायची, नाही. ही? नाही. मी चिमटा पहिल्या पडद्यावरून तिसऱ्याकडं सरकवत होते.

पांढरी पाचवर त्यांचं बोट टेकलं.

“हितनं,” आई म्हणाली.

आप्पांनी पेटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि मी तार छेडली.